वाढूका आणि उपाशी शेवाळ

आमच्या घरात उपासमारीने आजवर कोणी मेलेलं नाही. खाऊन मात्र दोन मासे मेले. सोनेरी होते, काचेच्या भांड्यात होते आणि माझ्या नणंदेच्या ताब्यात होते. मासा तोंड उघडून वर आला की वन्संना वाटायचं, भूक लागली बिचाऱ्याला. आता मासा दुसरं काय करणार? तोंड उघडणं आणि मिटणं एवढाच त्याचा उद्योग. पण उघडं तोंड दिसलं की वन्संचा हात आपोआप डब्याकडे जातो. खिडकीतला निवडुंग त्यांनी पाणी घालून घालून कुजवला. जिन्यातली मांजर इतकी फुगली की खालच्या मजल्यावरच्या आजींनी ती गाभण आहे असं समजून पिल्लांसाठी खोकं तयार ठेवलं. पिल्लं काही झाली नाहीत. मांजर मात्र खोक्यात राहायला गेली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हल्ली नणंदेला वन्सं कोणी म्हणत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना चिडवायला म्हणून म्हटलं, तर चिडायचं सोडून त्या खूश झाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक अंडं पडलं. तेव्हापासून मी तेच म्हणते. बाकीचं जग पाठीमागे त्यांना वाढूका म्हणतं. कारण त्या 'वाढू का?' असं विचारतात, आणि त्यातला 'का' तोंडातून बाहेर पडेपर्यंत डाव ताटात रिकामा झालेला असतो. उत्तराची वाट बघणं त्यांना जमत नाही. नको म्हणणाऱ्याला त्या आजारी समजतात, आणि आजारी माणसाला तर जास्तच वाढतात.

लग्न त्यांनी केलं नाही, म्हणजे राहिलं. एका शाळेच्या वसतिगृहात त्या स्वयंपाकघर सांभाळायच्या, पोरींची तोंडं भरता भरता वर्षं निघून गेली. अधूनमधून कोणी गृहस्थ घरी यायचे, मनात काहीतरी असायचं, असं माझा नवरा सांगतो. पण जेवून ते इतके सुस्तावायचे की विचारायचं ते विचारायचं राहून जायचं. एकजण तर चक्क खुर्चीत घोरायला लागला. वन्संनी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि जागा झाल्यावर पुन्हा जेवायला वाढलं.

मग ते वसतिगृह बंद पडलं आणि वन्सं घरी बसल्या. त्यांना हातात डाव धरल्याशिवाय करमत नाही आणि समोर माणसं आम्ही दोनच. मी तोंड चालवून स्वतःला वाचवलं. नवरा शिलाई मशीन दुरुस्त करतो, दिवसभर बसून काम, आणि बहिणीपुढे त्याच्या तोंडून 'नको' निघत नाही. पँटा उसवून सैल करायचं काम माझ्याकडे आलं, तिसरी पँट उसवताना मी ठरवलं की वन्संना कामाला लावायचं. माणसं नकोत, दुसरं कोणीतरी शोधायचं, ज्याला कितीही घातलं तरी पँट लागत नाही.

असं कोणीतरी माझ्या पाहण्यात होतं. मी शेवाळाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. शेवाळ म्हटलं की लोक नाक मुरडतात, बाथरूमच्या कोपऱ्यातलं निसरडं त्यांच्या डोळ्यांपुढे येतं. आमचं शेवाळ इतकं बारीक की एकेकटं दिसतही नाही, असंख्य एकत्र तरंगायला लागलं म्हणजे पाणी हिरवं दिसतं, तेवढंच. पोलादी टाक्यांत वाढणाऱ्या एका जातीचं तेल निघतं. माशाच्या तेलात हृदयाला चांगलं म्हणून जे काही सांगतात, ते मासा घरी बनवत नाही, शेवाळाच्याच जिवावर कमावतो. मग मधल्यामध्ये माशाला कशाला त्रास, असा आमच्या कारखान्याचा सरळ विचार. शेतजमीन लागत नाही, तेच पाणी गाळून फिरून वापरतात, आणि उजेडात वाढणाऱ्या शेवाळाला लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू शेजारच्या बिअरच्या कारखान्यातून नळाने येतो. तिकडे तो फुकट हवेत जायचा, इकडे कामी येतो. या तेलाच्या कॅप्सूल मी बाटल्यांत भरते आणि दिवसभर टेबलावरच्या बायकांशी बोलते. दोन्ही कामं मला सारखीच जमतात.

वन्संना हिरव्या हॉलमध्ये काम मिळालं. तिथे दुसऱ्या जातीचं शेवाळ काचेच्या लांब नळ्यांमधून फिरत असतं, आत हवेचे बुडबुडे, बाहेर माफक उजेड, आणि सकाळ-संध्याकाळ खुराक. खुराक म्हणजे पाण्यात विरघळवलेली खतं आणि चिमूटभर लोह. निळ्या प्लास्टिकच्या मापाने तो मोजून टाकीत ओतायचा. ओतलं की दुसऱ्या दिवशी पाणी आणखी हिरवं. वन्संच्या आयुष्यात एवढं मनापासून खाणारं, कधी नको न म्हणणारं, ताट पुसून घेणारं कोणी भेटलं नव्हतं. त्या नळ्यांशी बोलायच्या. "आज कमी खाल्लंत," असं त्या एका नळीला म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. पण त्यांचं शेवाळ असं तरारलं की प्रयोगशाळेच्या मॅडम बाहेरच्या पाहुण्यांना आधी वन्संच्या नळ्या दाखवायला न्यायच्या.

तिथेच वायरमन आले. कारखान्याचे दिवे, पंखे, पंप, सगळी वायरिंग त्यांच्या कंत्राटावर. उंच आणि इतके हडकुळे की शिडी कुठे संपली आणि ते कुठे सुरू झाले ते कळत नसे. पन्नाशीचे, एकटे राहणारे, मितभाषी. पहिल्या दिवशी वन्संनी त्यांना शिडीच्या वरच्या पायरीवर बसून कोरडा पाव चहात बुडवून खाताना पाहिलं, आणि घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पिशवीत एक डबा जास्त. त्यात भात, रस्सा, उकडलेली अंडी, आणि झाकण बसत नाही म्हणून वरून रुमाल बांधलेला. वायरमन डबा घ्यायचे, शिडीवर चढायचे आणि धुऊन परत आणून द्यायचे. त्यांच्या अंगाला मात्र काही लागत नव्हतं. वन्संच्या दृष्टीने हे आव्हानच होतं.

एक गोष्ट पॅकिंगच्या टेबलावर आम्ही बायकांनी हेरून ठेवली होती. सगळा कारखाना वन्संना तोंडावर ताई म्हणतो. मॅडम म्हणतात, पहारेकरी म्हणतो, पाणी तपासायला येणारा तोही म्हणतो. वायरमन 'अहो' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे, अगदीच अडलं तर खोकायचे, पण ताई म्हणायचे नाहीत. मी हे वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, घसा खराब असेल, उद्या आलं घालून काढा देते.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग लाल हॉल सुरू झाला.

मॅडमनी वन्संना बोलावून सगळं समजावलं. हे हिरवं शेवाळ सुखात असलं की हिरवंच राहतं, शेपट्या हलवत पोहतं आणि वाढत जातं. पण खायला मिळेनासं झालं, वरून प्रखर उजेड पडायला लागला, की ते शेपट्या टाकून देतं, गोल होऊन बसतं, जाड साल चढवतं आणि पोटात चरबी साठवतं. त्या चरबीत एक लाल रंग उतरतो. संकटात तो त्याला सांभाळतो. आपल्याला तेच लाल हवं आहे, कारण ते फार चांगलं अँटिऑक्सिडंट समजतात. लोखंडाला गंज चढतो तशी शरीराचीही आतून झीज होते म्हणे, ती आवरायला असली द्रव्यं उपयोगी पडतात. रोहित पक्ष्यांची पिसं गुलाबी होतात, तीही असलंच काहीबाही खाऊन. तर आता हिरव्या हॉलमधलं शेवाळ लाल हॉलच्या नळ्यांत सोडायचं, दिवे पूर्ण लावायचे आणि खुराक बंद. आठ-दहा दिवसांत ते लाल व्हायला हवं. आणि हे काम ताईंनीच बघायचं.

"म्हणजे आधी लाडाने वाढवायचं आणि मग पोटावर मारायचं?" वन्सं म्हणाल्या.

मॅडम गोड बोलून काम काढण्यात पटाईत. त्या म्हणाल्या की उपास निभवायला अंगात ताकद लागते, आणि ताईंच्या शेवाळाइतकं धष्टपुष्ट शेवाळ दुसरं कुठलं नाही. वन्संना स्तुती कळली, उपास कळला नाही. त्या हो म्हणून आल्या आणि बसमध्ये वाटभर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पहिली खेप दहा दिवसांनी हिरवीगार. मॅडमनी पाणी तपासलं, वायू तपासला, पंप तपासले. दुसरी खेपही तशीच. जराशी मळकट झाली, तेवढंच. उपाशी शेवाळ असं बाळसं धरून कसं बसलंय हे मॅडमना कळेना. सगळं तपासून झाल्यावर उरले दिवे. उजेडच कमी पडत असणार, दुसरं काय? वायरमनना बोलावणं गेलं. त्यांनी एक शब्द न बोलता हॉलमधले सगळे दिवे उतरवून नवे लावले. तरीही फरक पडेना तेव्हा मॅडमनी जाहीर केलं की आता तिसरी आणि शेवटची खेप, ती लाल झाली नाही तर मालक लाल हॉलला कुलूप लावणार आहेत, आणि वायरिंगसाठी दुसरा माणूस बघावा लागेल.

त्या दिवशी बसमध्ये मी वन्संच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढायला हात घातला आणि हाताला लागलं निळं माप. हिरव्या हॉलमधलं. तळाशी खुराकाचे खडे चिकटलेले. मी नुसतं ते वर धरून त्यांच्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या की पोट भरण्याइतकं नाही घातलं, जिभेपुरतं घातलं. रोज सकाळी मापभर.

हसू की डोकं धरू, मला कळेना. शेवाळाला जीभ कुठून आली, हे विचारायच्या आधी मी हसले, आणि इतकी हसले की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. मग मला वायरमन आठवले आणि हसू मावळलं. मी म्हटलं, तुमच्या मापभर मायेपायी त्या माणसाचं काम जातंय, वन्सं. त्याचे दिवे पहिल्या दिवसापासून धडधाकट आहेत.

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं की वायरमनना माहीत आहे. पहिल्याच खेपेला ते शिडीवर होते आणि त्यांनी वरून सगळं पाहिलं होतं. वन्सं ओतत होत्या, वर बघितलं तर ते बघत होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि नसलेला स्क्रू आवळायला लागले. म्हणजे हा माणूस खाल्ल्या मिठाला जागला आणि स्वतःच्याच पोटावर पाय देऊन बसला. असली माणसं मला आधी रागाला आणतात आणि मग आवडतात.

"तुम्हाला हात आवरता येत नाही का हो एकदासुद्धा?" मी विचारलं.

वन्सं माप हातात फिरवत बसल्या होत्या. "मी वाढायचं थांबले, तर माझ्याकडे कोण कशाला येईल गं वहिनी?"

मी त्यांचा हात धरून बसले आणि आमचा स्टॉप गेला, ते पुढच्या स्टॉपवर उतरल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं स्वतः मॅडमकडे गेल्या, माप टेबलावर ठेवलं आणि दिव्यांचा काही दोष नाही म्हणून सगळं सांगून टाकलं. मी दारात उभी होते. मॅडम कानापर्यंत लाल झाल्या. लाल हॉलच्या नावाने तोवर लाल झालेलं तेवढंच. दोन खेपा, इतक्या तपासण्या, नवे दिवे, सगळं एका मापापायी. मग त्या स्टुलावर बसल्या, ओठ घट्ट मिटून छताकडे बघत राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. हसून झाल्यावर डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. वायरमन राहतील. तिसरी खेप ताईच करतील, कारण शेवाळ त्यांचं आहे आणि चूकही त्यांची आहे. खुराकाच्या कपाटाला कुलूप लावणार नाही. मात्र या वेळी हात घसरला तर लाल हॉल कायमचा बंद आणि ताई बाटल्या धुवायला.

वन्सं कामाला लागल्या. हात आखडता घेणं ही त्यांच्या लेखी एक कला होती आणि ती सरावाशिवाय येणार नव्हती. सराव कोणावर? तर आमच्यावर.

त्या संध्याकाळी जेवताना एकदा वाढून झालं आणि पातेल्यावर झाकण पडलं. नवऱ्याने ताट संपवलं, पातेल्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खुणेनेच सांगितलं, गप्प बस. तो काकुळतीला येऊन म्हणाला, ताई, तुला बरं वाटत नाहीये का. वन्सं स्वतःच्या हातांवर बसल्या होत्या. अक्षरशः हातांवर बसल्या होत्या, खुर्चीत, तळवे खाली घालून. आठवड्याच्या शेवटी मी नवऱ्याची पहिली पँट पुन्हा आत घेतली. जिन्यातली मांजर लोकांच्या आठवणीत पहिल्यांदा पळाली. खालच्या आजींनी तिचं पोट बघून वर येऊन आमचं अभिनंदन केलं आणि पिल्लं कुठे ठेवलीत म्हणून विचारलं.

वायरमनची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम बाटल्यांचं खोकं घेऊन लाल हॉलवरून गेले. भोचकपणा म्हणा हवं तर, मी म्हणणार नाही. वन्सं शिडीखाली उभ्या राहून मान वर करून बोलत होत्या.

"उद्यापासून डबा नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला उपाशी ठेवता आलं, तर शेवाळाला सहज ठेवता येईल. सगळ्यात अवघड तुम्हीच आहात."

वायरमन वरून 'चालेल' म्हणाले आणि त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तो माझ्या खोक्यात पडला, त्यामुळे मी तिथे आहे हे दोघांनाही कळलं आणि मला पुढचं ऐकायला मिळालं नाही.

तिसरी खेप नळ्यांत सोडली. दिवे असे लावले होते की हॉलमध्ये शिरलं की डोळे बारीक व्हायचे. वन्सं सकाळी जायच्या, दोन्ही हात अ‍ॅप्रनच्या खिशात घालून नळ्यांपुढून फेऱ्या मारायच्या आणि तोंडाने त्यांची समजूत काढायच्या. थोडंच राहिलं. रागावू नका. मीही कमीच जेवले आज. कपाट समोर उघडं, माप खुंटीला. दोनदा त्या मापापर्यंत गेल्या आणि दोनदा परत फिरल्या. एकदा तर धावत पॅकिंगमध्ये आल्या आणि मला म्हणाल्या, मला काहीतरी भरायला दे. मी त्यांना रिकाम्या बाटल्या दिल्या. त्यांनी इतक्या झपाट्याने कॅप्सूल भरल्या की आमची अख्खी दुपार मोकळी गेली.

आणि वायरमन? डबा बंद झाला, आता कशाला येतील, असं वन्संना वाटलं होतं. त्या सारख्या दाराकडे बघायच्या आणि बघत नसल्यासारखं करायच्या. वायरमन आले. पहिल्या दिवशी एक दिवा फडफडतो म्हणून आले. एकही दिवा फडफडत नव्हता. दुसऱ्या दिवशी पंख्याचा आवाज ऐकायला आले. लाल हॉलमध्ये पंखाच नाही. मग त्यांनी कारणं सांगणंही सोडलं, नुसती शिडी घेऊन यायचे, वर बसून कोरडा पाव चहात बुडवायचे आणि दिव्यांच्या काचा पुसायचे. असे लखलखीत दिवे मी जन्मात पाहिले नाहीत. पॅकिंगच्या टेबलावर आता कामापेक्षा बातम्या जास्त होत्या. कोणीतरी दर तासाला पाणी प्यायला म्हणून उठायची आणि लाल हॉलच्या दारातून डोकावून दोन्हींचा रंग सांगायची, नळ्यांचा आणि वायरमनचा. दोघंही अजून हिरवे, अशी बातमी आली की आम्ही हळहळायचो.

मग नळ्या मळकट झाल्या. मग उरलेल्या चहासारख्या तपकिरी. वन्संना वाटलं, मेलं सगळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि त्या मापाकडे वळणार तेवढ्यात मॅडमनी त्यांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. वन्सं कितीतरी वेळ एक डोळा लावून बसल्या. आत शेपट्या गेल्या होत्या. सगळे गोल, शांत, आणि प्रत्येकाच्या मधोमध लाल ठिपका.

"मला वाटलं होतं रडत असतील," त्या म्हणाल्या. "हे तर नटून बसलेत."

त्यानंतर त्यांना आवरावं लागलं नाही. रोज सकाळी बसमधून उतरल्या की त्या इतक्या भरभर चालायच्या की मी मागे पडायचे. तपकिरी विटकरी झालं, विटकरी तांबूस, आणि एका सकाळी आम्ही दार उघडलं तर अख्खा हॉल लालभडक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल नळ्या, लाल बुडबुडे, भिंतीवर लाल उजेड, आमचे हात लाल, चेहरे लाल. मॅडम धावत आल्या, त्यांनी नळ्यांकडे बघितलं आणि वन्संना मिठी मारून चक्क गोल फिरवलं. पहारेकरी टाळ्या पिटत होता. पॅकिंगच्या बायकांनी कॅप्सूल सोडून दिल्या. फरशी पुसणारी बाई पोछा घेऊन नाचली, आणि मी नाचले, आणि कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडतोय याचं कोणालाच भान नव्हतं. मालकांनी फोनवरच सांगितलं म्हणे, की हॉल चालू राहील. ऐकायला थांबलं कोण?

दुपारी वायरमन आले. या वेळी शिडी नव्हती. हातात एक डबा होता, नवा, अजून किमतीचं चिकटपत्र न काढलेला. त्यांनी एक खोकं उलटं घातलं, त्यावर डबा ठेवला, दोन ताटल्या मांडल्या. आम्ही जायला हवं होतं. कोणी गेलं नाही.

वन्सं सवयीने पुढे झाल्या आणि त्यांनी डब्यातला डाव उचलला. वायरमननी तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला.

"डबा मिळत होता तोवर मला वाटायचं, मी डब्यासाठी येतो," ते म्हणाले. एवढं लांब वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो आणि अजून ते संपलं नव्हतं. "डबा बंद झाला. तरी यावंसं वाटतंच. मग मीच बसून विचार केला, की मी येतो कशासाठी."

वन्संचे दोन्ही हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. इतक्या लाल उजेडात कोणाचा चेहरा लाल झाला हे ओळखता येऊ नये, पण मी त्यांची भावजय आहे, मला ओळखता आलं. त्या खोक्यासमोर बसल्या. जन्मभर उभ्या राहून जेवलेली बाई, दुसऱ्याचं ताट भरलं की मगच पातेलं खरवडून घेणारी, ताटलीपुढे मांडी घालून बसली.

वायरमननी डाव भरला, उचलला, ताटलीवर धरला आणि थांबले.

"वाढू का?" त्यांनी विचारलं. आणि खरंच उत्तराची वाट बघत उभे राहिले.

वन्संनी मान हलवली. त्यांनी वाढलं. बटाट्याचा रस्सा होता. बटाटे अर्धे कच्चे होते, मीठ घालायचं राहिलं होतं, आणि रंग असा की आमचं शेवाळ उपाशी राहूनही त्याला शिवलं नसतं. हे मी नंतर चाखून सांगते आहे. वन्संनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, गिळला, पदराने डोळे पुसले आणि ताटली पुढे केली.

"अजून थोडं," त्या म्हणाल्या.